केदारनाथ ३६ मिनिटांत: हवं की नको?

रानवाट
सोनप्रयाग ते केदारनाथ रोपवेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५ मध्ये मंजुरी दिली. लांबी १२.९ किलोमीटर, खर्च ४,०८१ कोटी, आणि आज आठ-नऊ तास खाणारी चढण ३६ मिनिटांत. आमच्या घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी हात जोडले. मला हे पटलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी मी गौरीकुंडाहून चालत गेलो. सोळा किलोमीटर म्हणतात, पायांना विचाराल तर जास्तच. पण ‘कष्टाशिवाय पुण्य नाही’ हा माझा मुद्दा नाही, त्यावर ज्यांना भांडायचंय त्यांनी भांडावं. वर जागा किती आहे, एवढंच विचारतोय. मंदिर ३,५८३ मीटरवर, डोक्यावर चोराबाडी हिमनदी, दोन अंगांनी मंदाकिनी आणि सरस्वती. जून २०१३ मध्ये चोराबाडीचं तळं फुटलं आणि वाटेवरचा रामबाडा हा थांबा अख्खा वाहून गेला. त्या चिंचोळ्या जागेत रोपवे दिवसाला १८,००० माणसांची ने-आण करू शकणार, आणि चालणारे, घोड्यावरचे, हेलिकॉप्टरवाले वेगळेच. वाट अवघड आहे म्हणून आज गर्दीला थोडी तरी गाळणी आहे. तीही काढायची?

गुडघेदुखी
गाळणीतून नेमकं कोण गळतं, तेही सांगा की. माझी आई, वय ७१. गेल्या वर्षी दंडीत बसवून नेली. चार माणसं धापा टाकत तिला खांद्यावर वाहत होती आणि ती डोळे मिटून ‘मला उतरवा रे’ म्हणत होती. वाटेतल्या भीमबलीहून परत फिरलो. हेलिकॉप्टरचं तिकीट मिळालंच नव्हतं. आणि मिळालं असतं तरी १५ जून २०२५ ला गौरीकुंडाजवळ जे पडलं त्यात सात जण गेले, त्यात एक लहान मूल. तुमचे पाय शाबूत आहेत म्हणून तुम्हाला अवघड वाट गोड वाटते.

मुक्कामपोस्ट
+१. खेचरांचंही बोला. मे २०२५ मध्ये त्यांच्यात आजार पसरला म्हणून वाहतूक थांबवावी लागली होती. त्या वाटेवरचा वास आणि शेणाचा रबडा ज्याने तुडवलाय तो ‘निसर्गरम्य पदयात्रा’ हा शब्द उच्चारणार नाही.
वणीच्या गडावर ट्रॉली झाली, म्हणून पायऱ्या चढणारे थांबले का?

रानवाट
वणीचा गड कुठे आणि हिमनदीच्या तोंडाशी बसलेलं केदार कुठे! खेचरांचे हाल मान्य, पण त्या खेचरांवर, कंडी-दंडीवर (पाठीवरची टोपली, खांद्यावरची पालखी), चहाच्या टपऱ्यांवर खालची गावं सहा महिन्यांत वर्षाची कमाई करतात. रोपवेचा डबा त्यांच्या डोक्यावरून जाणार. त्यांनी काय करायचं, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही.

नाडीपरीक्षा
पेशाने डॉक्टर, म्हणून फक्त माझ्यापुरतं.
‘रोपवेने झटकन वर गेलं की लगेच उंची बाधते’ हे अर्धं खरं. तिथे दर श्वासाला मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर त्रास पोहोचल्या पोहोचल्या होऊ शकतो. पण डोकेदुखी, मळमळ ही नेहमीची लक्षणं बहुतेकांना सहा ते बारा तासांनी सुरू होतात. सकाळी जाऊन संध्याकाळी उतरणारा बऱ्यापैकी सुटतो.
गोम रात्रीच्या मुक्कामात आहे. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरहून जास्त वाढवू नये, असं आम्ही सांगतो. सोनप्रयागहून तुम्ही एका दमात १,७०० मीटरच्या आसपास चढणार. हवा बिघडली, डबे थांबले, की ७१ वर्षांच्या आई वरच अडकल्या. तीन दोरांचा रोपवे वाऱ्यात बराच टिकतो, पण वादळात तोही बंदच ठेवावा लागतो. म्हणून वर झोपायची, ऑक्सिजनची आणि डॉक्टरची सोय आधी, डबे मागाहून. याबद्दल या धाग्यात कुणी अवाक्षर काढलेलं नाही.

गुडघेदुखी
हे पटलं. पण पायवाटेवर काय कमी अडकतात? ३१ जुलै २०२४ च्या ढगफुटीत वाट तुटली आणि हजारो लोकांना हेलिकॉप्टरने, दोर लावून काढावं लागलं. आणि गर्दीच रोखायची तर रोजचा आकडा बांधा. नोंदणी सक्तीची आहेच ना?

रानवाट
आहे. मी केली होती, छापून घडी करून खिशात ठेवली होती. जाताना-येताना कुणी मागितली नाही.

मुक्कामपोस्ट
म्हणजे तुमचं भांडण नोंदणी न तपासणाऱ्या फाटकाशी आहे, रोपवेशी नाही.

रानवाट
फाटकावर माणूस बसू दे, मीही तिकीट काढीन. आज न बसणारा उद्या बसेल, यावर माझा विश्वास नाही, इतकंच.

ओवीकार
आईंसाठी एक सुचवू का? हिवाळ्यासाठी मंदिराची दारं बंद झाली की केदारनाथांची पंचमुखी डोली उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते. हिवाळाभर पूजा तिथेच. गाडी गावापर्यंत जाते. देव स्वतः डोंगर उतरून येतो, मग आपण त्याच्याकडे दोर कशाला टाकायचा?

गुडघेदुखी
आईला हे कधीच सांगून झालंय. म्हणाली, “तो थंडीमुळे खाली येतो. माझ्यासाठी थोडाच येतो?”