जुना डेस्कटॉप: तारीख मागे जाते, दुपारी आपोआप बंद पडतो, पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात

टॉवेलवाला (पूर्व भाग, सोलापूर):

घरातला डेस्कटॉप साधारण २०१० सालचा आहे. कोअर टू ड्युओ, जी४१ चा बोर्ड, ४ जीबी रॅम, ३२० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज ७. खाली माग, वर घर. मशीन वरच्या खोलीत जिन्यालगत असतं. बिलं, पार्ट्यांचे हिशेब, घरचे फोटो, सगळं याच्यातच आहे.

सकाळी चालू केल्यावर कधी कधी तारीख १ जानेवारी २००९ दिसते. मग बँकेची आणि जीएसटीची साइट उघडत नाही, प्रमाणपत्र अवैध असल्याचा इशारा येतो. दुपारी वीस-पंचवीस मिनिटं काम झालं की काही न सांगता एकदम बंद होतो, निळा पडदाही येत नाही. लगेच चालू केला तर त्याहून लवकर बंद पडतो. सकाळी पहिल्यांदा बटण दाबलं की पंखा थोडा फिरून थांबतो, दोन-तीनदा दाबल्यावर मशीन उठतं. आणि मागच्या पत्र्याला हात लागला की बारीक झिणझिण्या येतात.

एका दुकानात म्हणाले बोर्ड गेला, दुसऱ्या ठिकाणी म्हणाले व्हायरस आहे, फॉरमॅट मारू. वरवरची धूळ ब्रशने काढलेली आहे. काय करावं?

हीटसिंक (जुळे सोलापूर):

फॉरमॅट आत्ता मारू नका. तुम्ही सांगितलेल्यातली एकही गोष्ट व्हायरसने होत नाही. हे चार वेगळे बिघाड आहेत, एकाच वेळी वर आलेत एवढंच. एकत्र धरले की बोर्डावर संशय जातो. वेगळे केले की बहुतेक कामं स्वस्तातली निघतात.

तारखेचं आधी सांगतो. बोर्डावर सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा चपटा सेल असतो. भिंतीवरचं बटण चालू असेपर्यंत, मशीन शटडाउन असलं तरी, घड्याळाला एसएमपीएसचा (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याचा) स्टँडबाय पुरवठा मिळतो. बटण बंद केलं किंवा लाइट गेली की सगळा भार सेलवर येतो. म्हणून एक रात्र शटडाउन करून भिंतीवरचं बटण चालू ठेवून बघा. त्या सकाळी तारीख बरोबर आली आणि बटण बंद ठेवल्यावर पुन्हा चुकली, तर सेल संपलाय. मल्टीमीटरवर नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वर दाखवतो, २.७ च्या खाली गेला असेल तर बदला. घड्याळवाल्याकडेही मिळतो, फक्त सीआर२०२५ घेऊ नका. तो २.५ मिमी जाडीचा असतो, २०३२ हा ३.२ मिमी; पातळ सेल सैल बसतो.

सेल काढण्यापूर्वी बायोसच्या (मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगच्या) सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो काढा. सेल काढला की सेटिंग मूळ जागी जातात. जी४१ बरोबर बहुधा आयसीएच७ चिप असते, तिच्यात एएचसीआय (डिस्कशी बोलायची नवी पद्धत) नसतोच, त्यामुळे तुम्हाला फार धोका नाही. पण हे वाचून दुसरं कोणी नंतरच्या बोर्डावर सेल बदलणार असेल तर साटा मोड (डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचं ते सेटिंग) आधी होता तोच ठेवा, नाहीतर विंडोज सुरू होताना ७बी ने संपणारा कोड असलेला निळा पडदा येतो. तारीख हातानेच लावा. घरगुती विंडोजमध्ये फरक १५ तासांपेक्षा मोठा असेल तर इंटरनेटवरून वेळ आपोआप जुळत नाही. तारीख नीट झाली की बँकेची साइट प्रमाणपत्रावरून अडवणार नाही.

आता दुपारचं बंद पडणं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉग उघडा, कर्नेल-पॉवर ४१ ची नोंद असेल. ती फक्त वीज तुटल्याचं सांगते, कारण सांगत नाही. कारण शोधायला बाजूचा पत्रा काढा, टेबलफॅन आत तोंड करून लावा आणि दुपारी तेच काम करा. तासभर टिकलं तर उष्णता हेच कारण. एचडब्ल्यूमॉनिटर हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून प्रोसेसरचे आकडेही बघा: रिकामं असताना ४० ते ५५ अंश ठीक, कामात ७५ पर्यंत चालेल, ९० च्या पुढे चढतच गेलं तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खोलीतलीच हवा ४० अंशांच्या आसपास असते, आणि हीटसिंक (प्रोसेसरवरचा उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. थंडीत चालून जाणारं मशीन म्हणूनच उन्हाळ्यात अडतं.

तुमच्या बाबतीत नेमकी जागा सांगतो. खाली माग असलेल्या घरात साधी धूळ नसते, सुताचे बारीक तंतू असतात. पंखा ते ओढतो आणि पंखा व हीटसिंकच्या पात्यांच्या मधोमध गोधडीसारखा थर बसतो. वरून ब्रश मारला तर पंख्याची पाती स्वच्छ दिसतात, थर खालीच राहतो. पंखा उतरवल्याशिवाय तो दिसत नाही.

दहा मिनिटं मशीन चालवून मग बंद करा, प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट मऊ होते. वायर काढा. चार कोपऱ्यांतल्या काळ्या खुंट्या त्यांच्यावरच्या बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढा. हीटसिंक थोडा डावी-उजवीकडे हलवून उचला. तुमचा प्रोसेसर पट्टीखाली अडकलेला असतो, म्हणून चालतं. जुन्या एएमडी बोर्डावर सरळ ओढलं तर प्रोसेसर पिनांसकट वर येतो. तंतू उपटून काढा, उरलेलं ब्लोअरने, पंख्याच्या पात्यात पेन्सिल अडकवून. पंखा भरधाव फिरू दिला तर बेअरिंग जातं. व्हॅक्यूम क्लीनरचं तोंड बोर्डाजवळ नेऊ नका. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवी तांदळाच्या दाण्याएवढी मधोमध. बसवताना खुंट्या उलट फिरवून मूळ जागी आणा आणि समोरासमोरच्या दोन-दोन दाबा, ‘टक्’ झालं पाहिजे. मग बोर्डाच्या मागून चारही टोकं बाहेर आलीत का बघा. एक जरी अर्धवट राहिली तर साफसफाई करूनही आकडे पहिल्यापेक्षा वाईट येतात.

फेज न्यूट्रल (अक्कलकोट रोड):

वरच्या सगळ्याच्या आधी झिणझिण्यांचं बघा. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा साधारण निम्म्या दाबावर, ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतो. प्रवाह एक मिलिअँपिअरच्याही आत असल्याने फक्त झिणझिण्या येतात. पण उद्या आत खरोखर फेज पत्र्याला टेकली तर तिला जायला तुमच्या हाताशिवाय वाट नाही.

मल्टीमीटर एसी ७५० वर ठेवून त्याच सॉकेटमध्ये तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल-अर्थ २-३ व्होल्टच्या आत. फेज-अर्थ ५० ते १२० असं भलतंच आलं तर वरच्या मोठ्या छिद्रामागे वायरच नाही. जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट बसवून अर्थ मोकळी सोडलेली पुष्कळ ठिकाणी सापडते. न्यूट्रलवरून लूप मारून अर्थच्या छिद्रात देऊ नका, कोणी सुचवलं तरी नाही. न्यूट्रल तुटली की सगळा पत्रा २३० वर जातो. पाण्याच्या नळालाही जोडू नका.

परवानाधारक वायरमनकडून पाइप अर्थिंग करून घ्या. खाली काळा खडक लागला तर पाइपाभोवती कोळसा-मीठ नीट भरलंय का ते उभं राहून बघा, आणि उन्हाळ्यात पाइपाच्या नरसाळ्यात पाणी ओतत जा. जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा रोध वाढतो. घरच्या विजेच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) घाला. संगणकाची लाइन मागांच्या मोटारींपासून वेगळी ठेवा.

नवी पेठ:

विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला संपला आहे, क्रोमही १०९ व्या आवृत्तीनंतर त्यावर येत नाही. बँकेचं काम यावर करताय हाच मोठा धोका आहे. एसएसडी टाका आणि लिनक्स मिंट एक्सएफसीई घाला, ४ जीबीत व्यवस्थित चालतं. हिशेबाचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल तर ते आधी तपासा.

सोल्डर (होटगी रोड):

नवी पेठ यांचं बरोबर आहे, पण त्याआधी एसएमपीएस. पहिल्या दाबाला न उठणं ही स्टँडबायच्या कपॅसिटरची खूण. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर जुना झाला की त्याचा आतला रोध वाढतो, थंड असताना जास्त. दोन-तीनदा दाबल्यावर तो जरा तापतो आणि काम भागतं. थंडीत त्रास वाढत असेल तर शंका उरत नाही.

२४ पिनच्या कनेक्टरच्या मागून जांभळ्या वायरवर डीसी २० च्या रेंजने माप घ्या, काळी प्रोब काळ्या वायरवर. मशीन बंद, भिंतीवरचं बटण चालू. ४.७५ ते ५.२५ हवं. मग कोणाला तरी बटण दाबायला सांगून आकडा खाली पडतो का बघा. चालू झाल्यावर पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५.

एसएमपीएस उघडू नका, आतला मोठा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर भरलेला असतो आणि वायर काढल्यावरही काही काळ तसाच राहतो. नवाच घ्या. लेबलवरच्या ‘४५० वॅट’ला फार महत्त्व देऊ नका, १२ व्होल्टसमोरचे अँपिअर वाचा. १८ अँपिअर म्हणजे २१६ वॅट झाले. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर तुमचं मशीन १५० च्याही आत चालतं. ४ पिनची १२ व्होल्टची जोडणी आहे ना, एवढं बघा. कॅबिनेट उघडलंच आहे तर बोर्डावरचे प्रोसेसरजवळचे कपॅसिटर नजरेखाली घाला. डोकं फुगलेलं किंवा तपकिरी चिकट ओघळ दिसला तर तेवढेच बदलता येतात: मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेले), १०५ अंशांचे.

टॉवेलवाला:

मापं घेतली. फेज-अर्थ ९० च्या आसपास, म्हणजे अर्थ नाहीच. सेल २.३. जांभळी ४.७, बटण दाबताना ४.२ पर्यंत पडते. पंख्याखाली थर निघाला, आता कामात ६८ अंश. डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो पिवळं ‘सावधान’ दाखवतं: सी५ समोर शेवटी १०, सी७ शून्य.

हीटसिंक:

सी५ म्हणजे वाचता न येणारे सेक्टर (डिस्कचे छोटे तुकडे). तो आकडा सोळा-आधारी पद्धतीत असतो, म्हणजे १० नाही, १६ सेक्टर वाचले जात नाहीत. सी७ केबलवरच्या चुका मोजतो, तो शून्य आहे, त्यामुळे साटा केबल ठीक, दोष डिस्कचाच. चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवू नका, ते मरत्या डिस्कला आणखी घासतं. आधी एसएमपीएस बदला, कारण कॉपीच्या मध्ये वीज तुटली तर हाल होतात. मग सगळ्यात आधी हिशेबाचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर, नंतर बिलं, शेवटी फोटो. रोबोकॉपी (विंडोजमधली कॉपीची आज्ञा) वापरणार असाल तर आर:१ आणि डब्ल्यू:१ हे स्विच द्या. नाहीतर एका खराब फाइलवर ते दर ३० सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करत बसतं. ज्या फाइली राहिल्या त्यांची यादी लॉगमध्ये येते, तेवढ्याच नंतर स्वतंत्रपणे काढू. कॉपी उघडून तपासल्यावर जुनी डिस्क केबल काढून बाजूला ठेवा आणि नवी सिस्टीम एकट्या एसएसडीवर घाला. यादी मिळाली की इथे टाका.