मदत हवी आहे: जुनी सिटी व्हीटेक ठेवू की नवी टर्बो घेऊ? (ऑटोक्रॉस)

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरीचा. काकांची २००२ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. रोज कामाला तीच नेतो आणि वर्षातून दोन-तीनदा हौशी ऑटोक्रॉसला पण तीच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मोकळ्या जागेत कोन लावून वळणावळणाचा रस्ता आखतात, एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. कोन पाडला की आमच्याकडे दोन सेकंदांचा दंड.

गेल्या महिन्यात चिपळूणच्या बाजूला झालं. मेहुणा त्याची २०२२ ची आय२० एन लाइन घेऊन पहिल्यांदाच आला होता. पहिल्या फेरीत त्याने दोन कोन उडवले, मी मनातून खूश. तिसऱ्या फेरीत त्याचे ५०.९ लागले, माझे चारातले सर्वोत्तम ५२.६. मी सहा वर्षं हेच करतोय, तो गडी पहिल्यांदा आलेला, तोही डीसीटी (आपोआप गिअर बदलणारा) गिअरबॉक्स घेऊन. परतताना संगमेश्वरपर्यंत मी एक अक्षर बोललो नाही.

घरी येऊन दोन्ही व्हिडिओ शेजारी लावून बघितले. सरळ रांगेतल्या कोनांमधून नागमोडी जाताना मी त्याच्याबरोबर आहे, थोडा पुढेच. शेवटच्या यू टर्नपर्यंत फरक जेमतेम. तिथून बाहेर पडताना मात्र तो निघून जातो आणि मी दुसऱ्या गिअरमध्ये घुं करत बसतो. कागदावर माझी १०६ पीएस, त्याची १२०, म्हणजे जमीन-अस्मान नाही. पण माझी ताकद इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या (आरपीएम) वर गेलं की जागी होते आणि त्याच्या एक लिटर टर्बोला १७२ एनएम टॉर्क, म्हणजे ओढ, १,५०० आरपीएमपासूनच मिळतो. शिवाय माझी गाडी पुढून ढकलत जाते, स्टिअरिंग पूर्ण वळवलं तरी नाक बाहेरच.

आता प्रश्न. गाडीला खाऱ्या हवेने गंज धरलाय. पुढच्या उजव्या सस्पेन्शन टॉवरजवळ रंगाला फुगा आलाय. गॅरेजवाल्याने वेल्डिंग, बुश, शॉक अॅब्सॉर्बर मिळून ८० हजार सांगितले. तेवढे घालू, की गाडी विकून कर्जावर नवी टर्बो घेऊ? बायको म्हणते दोन्ही नको, घराची कौलं बदल.

सडेकर:
वेळ कोणाचा आणि गाडीचा किती ते आधी वेगळं कर. पुढच्या वेळी एक फेरी तू त्याच्या गाडीत मार, एक त्याला तुझ्यात मारू दे. नियमात बसत नसेल तर सराव संपल्यावर मारा. यू टर्नबद्दल: तू लवकर वळतोयस बहुतेक. उशिरा वळ, म्हणजे बाहेर पडताना गाडी सरळ असेल आणि लवकर अॅक्सिलरेटर देता येईल. टर्बोवाला चुकला तरी टॉर्क त्याला ओढून नेतो, तुझी गाडी चूक झाकत नाही. शिकायला म्हणून तुझीच चांगली, असं माझं मत.

बांद्याचो_मेकॅनिक:
आदी टायर बघ. मगे गाडयेक नावां ठेव.
टायरच्या कडेला DOT अशी अक्षरं आणि पुढे कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे वाच. २२१७ असेल तर २०१७ सालचा बाविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असूदे, रबर कडक झालं की पकड गेली. त्याच्या एन लाइनला १९५/५५ आर १६, तेही चार वर्षांच्या आतले असतील. आणि पुढच्या टायरच्या खांद्यावर खडूने रेघ मारून एक फेरी घाल. रेघ कडेपर्यंत पुसली गेली तर हवा कमी आहे, रेघ तशीच राहिली तर जास्त. एका खडूच्या खर्चात अर्धा सेकंद.
फुग्याच्या जागी स्क्रू ड्रायव्हर टोचून बघ. आत गेला तर आधी वेल्डिंग, तोवर स्पर्धा बंद. तो टॉवर अख्खा शॉक धरून असतो.

खाडीकाठ:
दोन कोरडे मुद्दे. एक, खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. कर्जावरची नवी गाडी तिथे आपटली तर हप्ते चालू आणि गाडी गॅरेजात. दोन, तुमची २००२ ची म्हणजे २०२७ ला पुन्हा पासिंग. वीस वर्षांवरच्या कारची नोंदणी-नूतनीकरण फी २०२५ मध्ये ५ हजारांवरून १० हजार झाली, पर्यावरण कर वेगळा. हे पण ८० हजारांत धरा. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉल आहे, एवढ्या जुन्या गाडीचे पेट्रोलचे रबरी पाइप बदलून घ्या.

धागाकर्ता:
आत्ताच टॉर्च घेऊन खाली जाऊन आलो. पुढचे दोन्ही ३११६. मागच्या डाव्यावर ०९१५, आणि उजव्यावर आकडे आतल्या बाजूला, गाडीखाली झोपून वाचले, ते ३११६. म्हणजे दहा-अकरा वर्षांच्या टायरवर मी मेहुण्याला नावं ठेवत होतो. नक्षी मात्र बघाल तर नवी वाटेल!

स्क्रू ड्रायव्हर टोचला. रंग आणि वरचा पापुद्रा निघाला, खाली पत्रा टणक लागला. थोडं बरं वाटलं, पण वेल्डिंग करणारच.

तर गाडी विकत नाही, निदान २०२७ पर्यंत. आधी चार टायर, मग टॉवर, पाइप त्याच दिवशी. शॉक नंतर बघू. अदलाबदलीला मेहुणा तयार आहे, फक्त "तुझ्या गाडीला एबीएस आहे ना?" (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असं विचारून घाबरवलं त्याने. नाहीये.

आता एवढंच हवंय: चिपळूण ते कुडाळ पट्ट्यात जुना पत्रा कापून नवा नीट बसवणारा, पुट्टी भरून मोकळा न होणारा, कोणी माहितीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पावसाच्या आधी काम उरकायचंय.

@खाडीकाठ, विम्याचा मुद्दा मेहुण्याला वाचून दाखवला. तो आता पॉलिसीचे कागद शोधतोय.