आठवीच्या मुलांचं खाणं-झोपणं: पालकांना सोबत कसं घ्यावं?

वर्गशिक्षिका, प्रतापनगर
नमस्कार. आठवीला विज्ञान शिकवते. आहार, झोप, व्यायाम यावर मुलं पेपरात झकास उत्तरं लिहितात. पण निम्मा वर्ग सकाळी उपाशी येतो, मधल्या सुट्टीत चिप्सचा पुडा फुटतो, ट्यूशनहून परतताना ठेल्यावर समोसा. किराणा काय आणायचा, मोबाईल कधी ठेवायचा, हे घरात ठरतं. त्यामुळे पालकांशिवाय हा विषय अर्धाच राहतो. सभेला मात्र आयाच येतात, मार्क विचारून निघतात. कुणी काही वेगळं करून पाहिलंय का?

मुलीचा बाबा, हुडकेश्वर
मॅडम, सभा रविवारी ठेवा, बाप लोकही येतील. किराणा आम्हीच आणतो नं! आणि भाषण नको, काम द्या. आमच्या पोरीला शाळेतून घरचा अभ्यास होता: घरातल्या पुड्यांची मागची बाजू आईबाबांसोबत वाचायची. क्रीमच्या बिस्किटांवर १०० ग्रॅममागे ३५ ग्रॅम साखर निघाली. तिनं तेवढी साखर चमच्यानं मोजून वाटीत काढली, वाटी आजीसमोर ठेवली. आजी बराच वेळ पाहत राहिली. आता चहासोबत फुटाणे असतात. मी सांगून हे झालं नसतं.

आरोग्यसेविका
ताई, शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीचंही सभेत बोला. आठवड्यातून एक, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, मुलगे-मुली दोघांनाही. शी काळी झाली की घरचे घाबरतात आणि पुढची गोळी बंद! ती लोहामुळे होते, घाबरायचं कारण नाही, हे आयांना आधीच सांगायला हवं. गोळी उपाशीपोटी नको, जेवणानंतर द्यावी. लगेच चहा नको, तो लोह शोषू देत नाही. लिंबू किंवा संत्रं चालेल, उलट मदतच होते. या वयात मुलींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. नुसतं 'पोरगी आळशी झाली' म्हणून सोडू नका.

वर्गशिक्षिका, प्रतापनगर
दादा, पुडे वाचण्याचं काम याच आठवड्यात देते. ताई, सभेत दहा मिनिटं तुमच्यासारख्या कुणाला तरी बोलावते, माझ्यापेक्षा आया त्यांचं ऐकतील. आता झोपेचं सांगा. या वयाला ८ ते १० तास लागतात. ट्यूशन रात्री नऊला सुटते, सकाळी सातला शाळा. ज्यांच्या घरी हे जमलंय, ते रात्रीचं जेवण किती वाजता उरकतात?