ताबा सूचनांची वही भरत चाललीय, याची बातमी होते का?

बार्शीवाली

नमस्कार मंडळी. इथं वाचते बऱ्याच दिवसांपासून, लिहितेय पहिल्यांदा. लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी पत्रकारितेचं पदव्युत्तर शिक्षण घेतेय. कॉलेज चर्चगेटच्या बाजूला, मुक्काम डोंबिवली पूर्वेला आत्याकडे. वर्ग दुपारी एकच्या सुमाराला सुटतो. लगेच घरी जावं तर आत्याच्या शिकवणीची पोरं हॉलभर पसरलेली. पाचनंतर निघावं तर सीएसएमटीहून गाडी सुटायच्या आधीच लेडीज डब्यात चौथी सीटसुद्धा शिल्लक नसते. म्हणून आठ-साडेआठपर्यंत मी फोर्टातच असते. डबा कॉलेजच्या जिन्यात खाते, चहा टपरीवर, आणि मग टाऊन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिक ग्रंथालयाच्या वर्तमानपत्रांच्या खोलीत. तिथं पंख्याखाली निम्मी मंडळी पेपर छातीवर ठेवून झोपलेली असतात. तुम्ही कोण, कशाला आलात, असं कुणी विचारत नाही. मुंबईत अशा जागा मोजक्याच.

तर मुद्दा असा. मी पेपर मागच्या पानांपासून वाचते. बाबा बार्शीत तहसील कचेरीसमोर दस्तलेखक आहेत. 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' ही माझी बाराखडी. त्यामुळे जाहीर सूचनांचं पान मला अग्रलेखापेक्षा जवळचं वाटतं. कुणाचं सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट हरवलंय, कुणाच्या मयत वडिलांच्या फ्लॅटवर चौदा दिवसांत हरकती मागवल्यात, कुणी नाव बदललंय. एका बाईंनी लग्नानंतरचं आडनाव सोडून माहेरचं परत घेतल्याची दोन ओळींची सूचना होती, ती मी कापून ठेवलीय.

पण सगळ्यात जास्त जागा खातात त्या ताबा सूचना. कर्ज थकलं म्हणून घराचा ताबा घेतल्याच्या, बँका आणि गृहकर्ज देणाऱ्या कंपन्यांच्या. बारीक टायपातला लांबलचक तक्ता: कर्जदार, सहकर्जदार, थकलेली रक्कम, फ्लॅटचा पत्ता, क्षेत्रफळ. मी वहीत उतरवायला लागले. नालासोपारा पूर्व, विरार, बदलापूर, वांगणी, टिटवाळा हीच नावं फिरून फिरून येतात. तीनशे-साडेतीनशे चौरस फुटांचं घर. नवरा कर्जदार, बायको सहकर्जदार. कधी कधी एकाच इमारतीतले दोन-तीन फ्लॅट एकाच तक्त्यात.

हे प्रोजेक्टला घ्यायचं म्हटल्यावर सर म्हणाले, "यात माणूस कुठं आहे? आकडे आहेत नुसते. निवडणुकीवर काहीतरी कर." वर्गात कुणी बाणगंगेवर व्हिडिओ करतंय, कुणी खाऊगल्लीवर. त्यांचं छान चाललंय, खोटं कशाला बोलू. पण मला ही वही सोडवत नाही.

तीन गोष्टी विचारायच्यात. याची बातमी होते का? होत असेल तर वहीतून उठून कुठं जायचं? आणि ही नावं पेपरात छापून आलेलीच आहेत, तर मी ती वापरू शकते का?

खिळेजुळारी

बार्शीवाली, तुला अरेतुरे करतो, वयाचा हक्क म्हणून. मी डेस्कवर निवृत्त झालो. ते पान आमच्याकडे कुणीच वाचत नसे. जाहिरात विभागातून तयार यायचं, आम्ही फक्त त्यामुळे बातमीची जागा गेली म्हणून कुरकुरायचो. तू वाचतेस हेच विशेष.

आता थोडा कायदा, म्हणजे तुझ्या वहीला रकाने पाडता येतील. हे सगळं २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकलेल्या कर्जासाठी तारण ठेवलेलं घर ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याखाली चालतं. हप्ते थकून खातं बुडीत धरलं गेलं की आधी कलम १३(२) ची मागणी नोटीस जाते, पैसे भरायला ६० दिवस. नाही भरले तर १३(४) खाली ताबा. ताबा घेतला की सात दिवसांत सूचना दोन वर्तमानपत्रांत छापायची आणि त्यातलं एक स्थानिक भाषेतलं हवं, असा नियमच आहे. मराठी पेपरात हे तक्ते दिसतात ते त्यामुळे. त्यानंतर लिलावाची सूचना. म्हणजे एकाच घराच्या तीन तारखा असतात, आणि त्यातल्या शेवटच्या दोन तुला छापील मिळतात. मागणी नोटीसची तारीख ताबा सूचनेच्या मजकुरातच दिलेली असते, ती वेगळ्या रकान्यात घे.

दुसरं. त्या सूचनेत 'सांकेतिक' ताबा म्हटलंय की 'प्रत्यक्ष', ते दरवेळी बघ. सांकेतिक म्हणजे दारावर कागद चिकटवला, कुटुंब अजून आतच राहतंय. सरांना सांग, माणूस कुठं आहे ते: दाराच्या आत, कुकर लावतोय. तू पेपर उघडतेस तेव्हा पोरं शाळेत गेलेली असतात आणि घर अजून त्यांचंच असतं. प्रत्यक्ष ताबा झाल्यावर मात्र त्या पत्त्यावर कुलूप सापडेल, माणूस नाही. म्हणून सांकेतिकवाली आधी धर.

निवडणुकीवर लिहायला अख्खी मुंबई आहे. तू नसलीस तरी चालेल.

नाक्यावरचा बातमीदार

खिळेजुळारींनी पाया घातला, मी कोर्टाकडून येतो. प्रत्यक्ष ताब्याला कर्जदारानं विरोध केला की वित्तकंपनी कलम १४ खाली दंडाधिकाऱ्याकडे मदत मागते. मुंबई शहरातलं घर असेल तर हे अर्ज किल्ला कोर्टात, मुख्य दंडाधिकाऱ्यांपुढे. आझाद मैदानाच्या बाजूला, तुझ्या कॉलेजपासून चालत. पण तुझी वही बघता तिथं तुला फार काही सापडणार नाही. नालासोपारा आणि विरार पालघर जिल्ह्यात, बदलापूर, वांगणी आणि टिटवाळा ठाण्यात. तिथले अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याकडे. त्यामुळे पहिलं काम, वही जिल्ह्याप्रमाणे लाव.

तरीही किल्ला कोर्टात दुपारी जाऊन बसत जा. बातमीसाठी नव्हे, कान तयार व्हायला. कोर्ट खुलं असतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३६६ तेच सांगतं (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३२७). काही प्रकरणं बंद दाराआड चालतात, तेव्हा उठायला सांगतील, उठायचं. प्रेसकार्ड लागत नाही. कॉलेजचं ओळखपत्र जवळ ठेव, मोबाइल बंद, रेकॉर्डिंगचं नावच नको. मागच्या बाकावर बसून एकच गोष्ट कर: कोण काय म्हणालं ते लिहायचं, त्याचा अर्थ नंतर लावायचा. आमच्या वेळी दोन कॉलमाची कोर्टाची बातमी लिहिता येते की नाही यावरून नवख्याची पारख व्हायची. हल्ली चॅनलवाले कोर्टाबाहेर बूम घेऊन उभे राहतात आणि आत काय झालं ते वकिलाच्या तोंडून ऐकतात. असो.

हायकोर्टात गेलीस तर ४६ क्रमांकाच्या कोर्टाबाहेरची पाटी वाचून ये. १९०८ मध्ये टिळकांना इथंच सहा वर्षांची शिक्षा झाली, तीही केसरीतल्या लेखांवरून. पत्रकारितेच्या वर्गात हे शिकवतात, पण ती जागा बघायला कुणी नेत नाही.

कर्जदाराची बाजू ऐकली जाते ती कर्जवसुली न्यायाधिकरणात. कलम १७, ४५ दिवसांची मुदत. नालासोपाऱ्याचा रिक्षावाला दिवसाचा धंदा बुडवून, वकील लावून तिथपर्यंत पोचतो का, हा प्रश्न मला तुझ्या बातमीचा कणा वाटतो.

शेवटचा डबा

मी विरारचा, मास मीडियाच्या तिसऱ्या वर्षाला. थोडं कडू लिहितो.

आमच्या विंगमध्ये एका दारावर असा कागद चिकटला होता. दुसऱ्या दिवसापासून त्या काकू जिन्यात कुणाशी बोलेनाशा झाल्या. पाणी यायच्या वेळीही खाली येत नसत, मुलाला पाठवत. त्यांच्या दारात वही घेऊन कुणी उभं राहिलं असतं तर मी स्वतः त्याला खाली आणून सोडलं असतं. नाव पेपरात छापलंय हे खरं. पण ते पान कुणी वाचत नाही, खिळेजुळारी काकाच सांगतायत. तुमची बातमी मात्र सोसायटीच्या ग्रुपवर फिरेल. त्यामुळे नाव नको, इमारतीचं नाव नको, आणि 'अमुक स्टेशनजवळची गुलाबी इमारत' असलंही नको. इथं लोक ओळखतात.

आणखी एक. २०२५ च्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेला हायकोर्टाच्या आदेशानं ४१ अनधिकृत इमारती पाडल्या. त्यावर बरंच छापून आलं. तुम्ही नालासोपारा म्हणालात की लोक लगेच तिकडे जातील. ते प्रकरण जमिनीचं, हे हप्त्याचं. दोन्ही एका बातमीत कोंबू नका, नाहीतर दोन्हींचा चिखल होईल.

बाकी विषय भारी आहे. आमच्याकडे सगळे पॉडकास्ट काढतायत.

रीलवाला

एवढं सगळं करून वाचणार कोण? ४० सेकंदांत सांगता आलं तर लोक बघतील. गंमत नाही, खरंच सांगतोय. तक्ता हळूहळू वर सरकतोय, पत्ते झाकलेले, फक्त चौरस फूट आणि रक्कम दिसतेय. आवाज नकोच.

खिळेजुळारी

रीलवाल्याला हसणार होतो, पण कल्पना वाईट नाही. आधी बातमी, मग ती.

शेवटचा डबा, तुमचं नावाबद्दलचं म्हणणं पूर्ण मान्य. डेस्कवर असतो तर मीच नावं काढली असती.

बार्शीवाली, एक राहिलं. खासगी वित्तकंपनीला माहिती अधिकार लागू नाही, तिथं अर्ज करून टपालखर्च वाया घालवू नकोस. जिल्हाधिकारी कार्यालयाला मात्र लागू आहे. तिथं विचार: अमुक ते अमुक काळात सरफेसी कलम १४ खाली किती अर्ज आले, किती निकाली निघाले, किती घरांचा प्रत्यक्ष ताबा दिला, तालुकावार. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, शुल्क १० रुपये. उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर पहिलं अपील. तुझी वही म्हणजे पेपरात आलेलं तेवढंच. त्यांचा आकडा आला की दोन्ही शेजारी ठेवता येतील.

बार्शीवाली

काका, सगळ्यांचे आभार. रात्रीच्या गाडीत सगळं परत वाचलं, दिवा स्टेशनला चढलेल्या ताई खांद्यावरून वाचत होत्या. त्यांनी विचारलं, "तुमच्या घराला आलीय का नोटीस?" मी नाही म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "माझ्या दिराला आलीय." आणि मग डोंबिवली येईपर्यंत त्याच बोलत होत्या. नंबर मी मागितला नाही, त्यांनीच दिला.

ठरवलंय ते असं. रकाने पाडते, जिल्हे वेगळे करते. नाव, इमारत, रंग काहीही देणार नाही, शेवटचा डबा यांना आधी वाचायला पाठवीन. अर्जाचा मसुदा बाबांना फोनवर वाचून दाखवला. त्यांनी "कृपया" तीनदा आलंय म्हणून दोनदा काढायला लावलं, शब्द वाचतात म्हणाले. सरांना कुकरचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण विषय वहीत लिहून घेतला.

आता साधा प्रश्न. पालघरचा अर्ज पोस्टानं पाठवू की स्वतः जाऊ? डोंबिवलीहून कसं जायचं?

शेवटचा डबा

स्वतः जा. दादरला उलटं येऊ नका. कोपरच्या वरच्या फलाटावरून वसई रोडची मेमू पकडा, तिथून डहाणू लोकलनं पालघर. मेमूच्या फेऱ्या मोजक्या आहेत, वेळ आदल्या रात्री बघून ठेवा. जिल्हाधिकारी कार्यालय स्टेशनजवळ नाही, कोळगावला आहे, रिक्षा करावी लागेल. शनिवारी बंद.

नाक्यावरचा बातमीदार

१० रुपयांचा कोर्ट फी स्टँप इथूनच घेऊन जा, तिथं शोधत बसू नकोस. अर्जाच्या दोन प्रती. दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, साहेब जेवायला गेलेत म्हणाले तरी.