मदत हवी आहे: दिवा लागतो, पण इनटेक हीटर तापत नाही

मंडळी, डिझेल ट्रकचं एक कोडं सुटत नाहीये. पहाटे चावी फिरवली की गुंडाळीच्या चिन्हाचा पिवळा दिवा (हीटर चालू असल्याची खूण) लागतो, वीसेक सेकंदांनी विझतो. मग स्टार्टर मारला की इंजिन खोकत, पांढरा धूर ओकत कसंबसं चालू होतं. दुपारी मात्र एका झटक्यात!

ग्लो प्लग (सिलिंडरच्या आत तापणारे प्लग) नाहीत, इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या वाटेत, जाळीचा हीटर आहे. एवढा करंट ओढणारा हीटर, व्होल्टमीटरचा काटा खाली यायला हवा ना? तो ढिम्म. रिले (हीटरचा करंट चालू-बंद करणारा विजेवरचा स्विच) टक् वाजतो, पण हीटरच्या बोल्टवर टेस्ट लॅम्प पेटत नाही. रिलेच्या बॅटरीकडच्या स्टडवर (केबल जोडायच्या बोल्टवर) पेटतो. बॅटऱ्या नव्या आहेत.

म्हणजे रिलेचे आतले पॉइंट जळले असावेत, असा माझा कयास. दोन्ही स्टड जाड केबलने क्षणभर जोडून बघू का, की त्यात धोका आहे?