‘मनन’ म्हणजे नेमकं काय? वाचन, पठण, पारायण आणि हिग्गायोन

प्रश्न

बायबलातल्या स्तोत्रसंहितेच्या पहिल्या स्तोत्रात धन्य माणसाची ओळखच अशी दिली आहे की तो परमेश्वराच्या नियमशास्त्राचं ‘रात्रंदिवस मनन’ करतो. माझं सकाळचं बायबलवाचन आणि प्रार्थना रोज होते, पण अलीकडे ती उरकल्यासारखी होते. डोळे ओळींवरून सरकतात, अध्याय संपतो, तक्त्यावर खूण होते. प्रार्थनेतही तीच नावं, तीच वाक्यं. आमचे पाळक म्हणतात, ‘नुसतं वाचू नका, मनन करा.’ मग वाचन, पठण, पारायण, चिंतन यांच्यापेक्षा मनन वेगळं कशात? मूळ भाषेत या जागी काय आहे?

प्रतिसाद

आधी आपल्या शब्दांपुरतं. पठण म्हणजे मोठ्याने म्हणणं, बहुधा पाठ असलेलं. पारायण हा शब्द ‘पार’ आणि ‘अयन’ यांतून आला आहे, म्हणजे पैलतीरी जाणं. ठरलेल्या मुदतीत ग्रंथ शेवटापर्यंत न्यायचा. वर्षभरात बायबल पूर्ण करण्याच्या योजना या अर्थाने पारायणच. प्रॉटेस्टंट बायबलात १,१८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज तीन-चार. स्कॉटलंडमधले पाळक रॉबर्ट मरे मॅक्शेन यांनी १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी केलेला तक्ता आजही वापरात आहे. त्यात नवा करार आणि स्तोत्रं वर्षातून दोनदा वाचून होतात. पण त्याच तक्त्याच्या सुरुवातीला त्यांनी धोकेही लिहून ठेवले: वाचन नुसता उपचार होईल, निष्काळजीपणे होईल, न पेलणारं जू होईल. तुम्ही वर्णन करताय ती अवस्था त्यांना चांगली ठाऊक होती.

पारायण वाईट नव्हे. संपूर्ण शास्त्राचा आवाका त्याशिवाय येत नाही. पण पहिलं स्तोत्र पारायणाबद्दल बोलत नाही.

प्रतिसाद

मूळ हिब्रूबद्दल. पहिल्या स्तोत्रातल्या क्रियापदाचं नाम आपल्या मराठी बायबलातही तसंच राहिलं आहे: नवव्या स्तोत्रात ‘सेला’ या खुणेच्या शब्दाशेजारी येणारं ‘हिग्गायोन’. हे क्रियापद मुळात आवाजाचं आहे. यशया ३१:४ मध्ये सिंह आपल्या भक्ष्यावर गुरगुरतो, तिथे हेच क्रियापद. यशया ३८:१४ मध्ये आजारातून उठलेला हिज्कीया राजा म्हणतो की मी पारव्यासारखा कण्हत होतो, तिथेही हेच. यशया ८:१९ मध्ये ते मंत्रतंत्रवाल्यांच्या पुटपुटण्याला वापरलं आहे.

म्हणजे स्तोत्रकर्त्याच्या डोळ्यांपुढचा माणूस मिटल्या तोंडाने विचार करत बसलेला नाही, त्याचे ओठ हलताहेत. यहोशवा १:८ हे तर उघडच सांगतं: हा ग्रंथ तुझ्या मुखातून जाऊ देऊ नकोस, रात्रंदिवस याचं मनन कर. तोंड आणि मनन एकाच दमात! प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये रथात बसलेला कूशी (आफ्रिकेतल्या कूश देशाचा) अधिकारी यशया वाचत होता आणि सुवार्तिक फिलिप्पाला ते धावता धावता ऐकू आलं, कारण वाचन मोठ्याने चाललं होतं.

प्रतिसाद

पण मग मराठीत ‘मनन’ हा शब्द चुकला म्हणायचा का? आपल्याकडे मनन ‘मन्’ धातूवरून येतं आणि वेदान्तातल्या ‘श्रवण, मनन, निदिध्यासन’ या क्रमामुळे ते पूर्णपणे आतलं वाटतं.

प्रतिसाद

चुकला असं मी म्हणणार नाही. एकोणिसाव्या स्तोत्राच्या शेवटी ‘माझ्या तोंडचे शब्द व माझ्या मनचे विचार’ अशी जोडी आहे, आणि तिथे ‘विचार’च्या जागी मूळात हिग्गायोनच आहे. तेव्हा ते तोंडातून मनात उतरतं, हे हिब्रूलाही मान्य आहे. मराठी शब्दाने दुसरं टोक पकडलंय, इतकंच.

मला याहून मोलाचा वाटतो तो मननाचा दुसरा हिब्रू शब्द, ‘सीआख’. एकशे एकोणिसाव्या स्तोत्रात तो पुनःपुन्हा येतो, ‘मी तुझ्या विधींचे मनन करीन’ अशा अर्थाने. पण पंचावन्नाव्या स्तोत्रात संध्याकाळी, सकाळी आणि दुपारी देवापुढे जो आक्रोश आहे, त्यालाही हाच शब्द! एकशे दोनाव्याच्या मथळ्यात दुःखी माणूस परमेश्वरापुढे जे गाऱ्हाणं ओततो, तेही हेच. वचन घोळवणं आणि गाऱ्हाणं मांडणं या दोहोंना एक शब्द पुरतो. ज्यांची प्रार्थना त्याच त्या वाक्यांत अडकली आहे, त्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. वाचन संपवून मग प्रार्थना सुरू करायची, अशी भिंत स्तोत्रांत नाही.

प्रश्नकर्ता

हे फार उपयोगी आहे. पण प्रत्यक्षात करायचं कसं? किती वाचायचं?

प्रतिसाद

थोडं. बाराव्या शतकातला कार्थुसियन मठवासी दुसरा गिगो याने चार पायऱ्या सांगितल्या: वाचन, मनन, प्रार्थना, आणि मग देवासमोर नुसतं असणं. त्या काळचे मठवासी मननाला रवंथ म्हणत, आणि तो शब्द मला सगळ्यांत जवळचा वाटतो. एकदा गिळलेलं परत तोंडात आणायचं.

एक ओळ घेऊन बघा. ‘हे माझ्या जिवा, परमेश्वराचा धन्यवाद कर, त्याचे सर्व उपकार विसरू नको.’ स्तोत्र १०३. ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणा. दुसऱ्यांदा म्हणताना ‘माझ्या जिवा’वर थांबा. बोलणारा देवाशी नाही, स्वतःच्या जिवाशी बोलतोय, त्याला जागं करतोय. म्हणजे धन्यवाद आपोआप येत नाही, हे स्तोत्रकर्त्या दाविदालाही माहीत होतं. तिसऱ्यांदा ‘विसरू नको’वर थांबा. काय विसरलंय? जे आठवेल ते तिथेच देवाला सांगा. अमुक दुखणं बरं झालं, अमुक माणूस परत बोलू लागला. प्रार्थना सुरू झालीच, आणि त्यात कालचं एकही वाक्य नाही. दिवसा कामात ओठांवर तेवढीच ओळ ठेवा, ‘रात्रंदिवस’ हे तसंच जमतं.

प्रश्नकर्ता

आणि मध्ये खाडा पडला तर राहिलेले अध्याय भरून काढायचे का?

प्रतिसाद

अजिबात नाही. मान्ना (अरण्यात देवाने इस्राएल लोकांना दिलेलं अन्न) रोज सकाळी त्या दिवसापुरता गोळा करायचा होता. शब्बाथाआधीचा दिवस सोडला तर उद्यासाठी ठेवलेल्याला किडे पडले, निर्गम १६ मध्ये आहे. थकबाकी मनावर घेऊन बसलात तर मननाला जागाच उरणार नाही. आजच्या तारखेचं वाचा.

पारायण हवंच असेल तर त्याला वेगळी वेळ द्या. मार्ककृत शुभवर्तमान मोठ्याने वाचलं तर साधारण दीड तासात संपतं. सुटीच्या दिवशी ते एका बैठकीत वाचा, आणि आठवड्याच्या सकाळी त्यातल्याच पाच-सहा ओळी पुरे.