मदत हवी आहे: मोडी कागदातली 'केळशी' नक्की कुठली, दापोलीची की गोव्यातली?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या काठावर. बाबा आता ८३ वर्षांचे आहेत आणि गेली दोन वर्षं त्यांनी एकच धोशा लावलाय, आपण मूळचे कुठले ते शोधून दे. त्यांची आत्या नेहमी म्हणायची, "आमी हयले नाय, होडयेन इलंव." कुठून ते कोणी विचारलंच नाही, आणि आता सांगायला कोणी उरलं नाही.

यंदा गणपतीत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक उतरवली तर तळाला एक मोडी कागद निघाला. चार घड्यांचा, घडी घडीवर कसरीने खाल्लेला, हात लावला की भुगा पडत होता म्हणून पाटावर ठेवून सुरीच्या पात्याने हळूहळू उलगडला. 'शके १७' एवढंच राहिलंय, पुढचे दोन आकडे भोकात गेले, म्हणजे इसवी १७७८ ते १८७८ मधलं कुठलंही साल. ओळखीच्या एका सरांनी फोटोवरून वाचलं, त्यात आमच्या मूळपुरुषाच्या नावापुढे 'वस्ती केळशी' आहे.

इथेच अडलंय. काका म्हणतात दापोलीची केळशी, कारण आजोबा तिथल्या महालक्ष्मीला न चुकता नारळ पाठवायचे. बाबा म्हणतात गोव्याची, कारण आमची कुलदेवता कवळ्याची शांतादुर्गा आणि ती मूळची तिथल्या केळशीचीच, सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा तिला जुवारी नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला, कवळ्याला हलवलं. मला दोघांचंही पटतं. पण देवी जाऊन दोनशे-तीनशे वर्षं झाल्यावर आमचा माणूस तिथेच वस्तीला कसा? की कुळ गोव्यातून आधीच निघून दापोलीकडे गेलं आणि मग एक शाखा खाली देवगडला आली? होडी तर दोन्हीकडून येते. गोव्यातल्या गावाला केळोशी पण म्हणतात, म्हणून ळ ला काना-मात्रा आहे का ते सरांना परत बघायला लावलं, तर नेमका तिथेच पाण्याचा डाग.

बाकी सातबारा, जुने फेरफार काढून झाले, त्यात आजोबांच्या मागे काही जात नाही. शाळेच्या जुन्या रजिस्टरात आजोबांचं जन्मस्थान 'येथील' एवढंच. त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांच्या वह्यांत वंशावळी असतात म्हणून गेलो होतो, तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, मूळ गाव कोणतं? तिथूनच परत आलो.

तर कृपया सांगा, डागाखालची शाई नीट दिसेल असा फोटो घरी कसा काढायचा, कागद ओला न करता? सिंधुदुर्ग १९८१ ला वेगळा झाला, तर त्याआधीची आमच्या भागातली मोडी दप्तरं रत्नागिरीला बघायची की ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गच्या जिल्हा मुख्यालयात? कवळ्याला महाजनांच्या, म्हणजे देवस्थानाच्या मानकरी कुळांच्या, याद्यांत बाहेर गेलेल्या कुळांची नावं मिळतात का, कोणाला अनुभव आहे? आणि दापोलीच्या केळशीत शांतादुर्गेचं कुळ असलेली जुनी घरं आहेत का, हे तिकडच्या कोणी सांगितलं तर फारच बरं होईल.

आडनाव आणि कागदाचा फोटो व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवते. मे महिन्यात बाबांना घेऊन दोन्हीपैकी एका केळशीला जायचंय, गाडीचा लांबचा प्रवास त्यांना एकदाच झेपेल.